ताट आणि वही



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पर्युषण पर्व अगदी जवळ आलेले असेल. श्वेतांबर संघांत आठ दिवसांची आराधना आणि तिचा कळस असलेली संवत्सरी, तिच्या मागोमाग दिगंबर बांधवांचे दहा दिवसांचे दशलक्षण पर्व. या दिवसांत स्थानके आणि मंदिरे भरून जातात, बाजारपेठेतील आपली कितीतरी दुकाने उशिरा उघडतात. महाविद्यालये मात्र नेहमीसारखी चालू असतात. किंबहुना अंतर्गत चाचण्या आणि प्रकल्पांचे सादरीकरण नेमके याच सुमारास येते. घर सोडून शिकायला आलेल्या जैन विद्यार्थ्याला आपण नेमके कशामुळे जैन आहोत हा प्रश्न वर्षभर अधूनमधून पडतो. पर्वाच्या दिवसांत तो रोज पडतो. या वेळच्या सदरात त्याच प्रश्नाविषयी लिहावे असे मनात आहे.

महाविद्यालयाच्या आवारात 'जैन' हा शब्द सर्वांत अधिक कोठे वाचायला मिळत असेल, तर तो कॅन्टीनच्या दरफलकावर. जैन पावभाजी, जैन सँडविच, जैन पिझ्झा. कांदा, लसूण आणि बटाटा ज्यात नाही तो पदार्थ जैन, एवढे आज पुण्या-मुंबईतील कोणत्याही आचाऱ्याला ठाऊक असते. एका लहान समाजाचे आचरण साऱ्या शहराला न सांगता कळावे, ही सामान्य गोष्ट नाही. वर्गातील मैत्रिणी डबा उघडण्यापूर्वी मला आवर्जून सांगतात, "यात बटाटा आहे बरं का." त्यांच्या या काळजीचे मोल मला मोठे वाटते. तरीही मनात एक शंका राहते. इतक्या प्राचीन धर्माची ओळख एका दरफलकावर मावत असेल, तर उरलेला धर्म आपण कोठे ठेवला आहे?

ताटाचा विषय मी हलका मानत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. वसतिगृहात राहून चौविहार पाळणे म्हणजे रोजचे गणित असते. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि आमची शेवटची तासिका साडेपाचला संपते. मधल्या अर्ध्या तासात वाहनांच्या गर्दीतून वाट काढून वसतिगृह गाठायचे आणि जेवण उरकायचे, नाहीतर पाण्यावाचून रात्र काढायची. ही अडचण आपल्या पूर्वजांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखली होती. 1899 साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांकडे विशेष लक्ष दिले. मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने 1915 साली श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले. शिकू इच्छिणाऱ्या मुलाला धर्म आणि पदवी यांतून एकाचीच निवड करावी लागू नये, ही त्यामागची दृष्टी होती. ज्यांनी त्या स्वयंपाकघरांसाठी आपली गंगाजळी मोकळी केली, ते बहुतेक व्यापारीच होते.

परगावी शिकायला जाणाऱ्या मुलाबरोबर धर्म कसा जातो, याचे एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. 1888 साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला निघाले, तेव्हा त्यांच्या मातोश्रींच्या मनाचा निर्णय होत नव्हता. बेचरजी स्वामी या जैन साधूंनी मार्ग काढला. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी मुलाला दिली आणि मग आईने अनुमती दिली. लंडनमध्ये सुरुवातीचे दिवस हा तरुण जवळजवळ अर्धपोटी राहिला. पुढे फॅरिंग्डन रस्त्यावर एक शाकाहारी भोजनगृह सापडले, तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराविषयीचे पुस्तक मिळाले आणि ते वाचल्यावर आईला दिलेल्या वचनासाठी पाळलेला शाकाहार त्यांनी स्वतःच्या बुद्धीने स्वीकारला.

याच प्रवासातील आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मांस म्हणजे काय, याच्या निरनिराळ्या व्याख्या विलायतेत होत्या. एका व्याख्येत अंडी मांसात मोडत नसत. सोयीची व्याख्या हाताशी असतानाही त्यांनी असा विचार केला, की प्रतिज्ञा ज्या आईपुढे घेतली, तिच्या मनात मांसाचा जो अर्थ होता तोच मला बांधील आहे. आणि अंडी सोडली. करार करताना समोरच्याने शब्दाचा जो अर्थ धरला तोच पाळायचा, सोयीची पळवाट काढायची नाही. व्यापारी घरातल्या कोणालाही हा न्याय समजावून सांगावा लागणार नाही. ताटातील एका पदार्थावरून चाललेला तो विचार मुळात सचोटीचा होता. म्हणजे ताट आणि वही या दोन गोष्टी आपण समजतो तितक्या दूरच्या नाहीत. आज महाविद्यालयात वावरताना मात्र त्या फार दूर गेल्यासारख्या दिसतात.

मागील वर्षीचा प्रसंग आहे. पर्युषणाच्या पहिल्या दिवशी एक वर्गमैत्रीण आपण होऊन म्हणाली, "अगं, तू निवांत प्रवचनाला जा. तुझी हजेरी मी लावते. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे." ती जैन नाही, तिच्या बोलण्यात निव्वळ माया होती. आमच्याकडे 75 टक्के हजेरी सक्तीची आहे आणि हजेरीला अंतर्गत गुणही आहेत. दुसऱ्याची सही करणे, किंवा फळ्यावर दाखवलेल्या क्यूआर कोडचे छायाचित्र वर्गाबाहेरील मित्राला पाठवणे, या प्रकाराला विद्यार्थी 'प्रॉक्सी' म्हणतात आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही.

मी तिला "नको, गैरहजेरीच लागू दे" असे म्हणाले. ती थोडी दुखावली, मग कुतूहलाने म्हणाली, "मला वाटलं होतं, तुमचं सगळं खाण्यापुरतंच असतं."

तिचे हे वाक्य मला टोचले, कारण त्यात टोमणा नव्हता. तीन वर्षे आमच्यासोबत राहून, आमच्या सवयी पाहून तिने काढलेला तो प्रामाणिक निष्कर्ष होता.

सामायिक 48 मिनिटांचे असते, दोन घटिकांचे. योगायोगाने आमची एक तासिकाही 48 मिनिटांची आहे. त्या 48 मिनिटांत मी स्थानकात समभावाची साधना करीत बसायचे आणि त्याच 48 मिनिटांत माझ्या नावाची खोटी सही वर्गाच्या पत्रकावर उमटायची, हे दोन्ही एकत्र कसे बसणार? पुणिया श्रावकाची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. एके दिवशी त्याचे मन सामायिकात स्थिर होईना. शोध घेता कळले, की शेजाऱ्याच्या गोवऱ्या न विचारता घरात आल्या होत्या. ज्याच्या एका सामायिकाचे पुण्य मोजण्यास श्रेणिक राजाची संपत्ती अपुरी पडली, त्याचे चित्त दोन गोवऱ्यांनी विचलित झाले. ही कथा आपण तपाची थोरवी म्हणून ऐकतो. माझ्या समजुतीप्रमाणे ती हिशेबाची कथा आहे. त्या आठ दिवसांत मी पहिला दिवस आणि संवत्सरी या दोन दिवशी गैरहजर राहिले, एरवी वर्ग आटोपून सायंकाळच्या प्रतिक्रमणाला गेले. अंतर्गत गुणांत थोडी घट झाली. तेवढी किंमत फार नव्हती.

प्रतिक्रमणात श्रावकाच्या बारा व्रतांचे अतिचार आपण म्हणतो. प्राकृत शब्द वेगाने पुढे सरकतात आणि पाठ असूनही कानांवरून जातात. गेल्या चातुर्मासात एका साध्वीजींनी युवतींच्या शिबिरात त्यांचा अर्थ समजावून सांगितला, तेव्हा मला प्रथम जाणवले, की यातील कितीतरी शब्द थेट पेढीवरचे आहेत. दुसऱ्या, म्हणजे सत्याच्या अणुव्रताचा एक अतिचार आहे कूटलेख: खोटा लेख करणे, बनावट दस्त तयार करणे. तिसऱ्या अचौर्य व्रताचे पाच अतिचार पाहावेत. चोरीचा माल घेणे, चोराला साहाय्य करणे, राज्याने घातलेली बंदी मोडून व्यवहार करणे, खोटे वजन-माप वापरणे, आणि चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळणे. जुन्या आचार्यांनी चोरीची व्याख्या करताना दरोडेखोराकडे पाहिलेले नाही. त्यांची नजर तराजूवर होती, कारण समोर बसलेले श्रोते तराजू धरणारे होते.

विद्यार्थ्याकडे तराजू नसतो, पण लेख असतो. दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवलेले जर्नल हा कूटलेख आहे. हजेरीची खोटी सही हा कूटलेख आहे. आणि आपल्या घरांत अगदी सहज घडणारी एक गोष्ट: अभ्यासक्रमात दोन महिन्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आवश्यक असते, मुलगा सुट्टीत फिरायला जातो आणि काकांच्या पेढीचा शिक्का मारलेले प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र महाविद्यालयात दाखल होते. काका प्रेमाने देतात, मुलगा आनंदाने घेतो. लेखापरीक्षणाच्या विषयात आम्हाला पहिला धडा हाच शिकवतात, की वहीतील प्रत्येक नोंदीमागे खरे प्रमाणक असले पाहिजे. व्हाउचर खोटे असेल तर त्यावर उभी असलेली साफ दिसणारी वहीही खोटी. ज्या मुलाची पहिली अधिकृत नोंद काकांच्या शिक्क्याने खोटी झाली, तो उद्या सनदी लेखापाल होऊन कोणत्या मनाने सही करील?

येथे कोणी म्हणेल, की हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे, समाजाचा त्याच्याशी संबंध काय? अर्थशास्त्राच्या एका तासिकेत याचे उत्तर मला अनपेक्षितपणे मिळाले. प्राध्यापक 1875 सालचे दख्खनचे दंगे शिकवीत होते. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे मे महिन्यात आरंभ होऊन पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत ते पसरले. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांच्या घरांकडे मोर्चा वळवला. त्यांचा रोख मुख्यतः एकाच गोष्टीवर होता: कर्जरोखे आणि दस्त हाती घेऊन ते जाळणे. या दंग्यांच्या चौकशीनंतर 1879 साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. त्या संघर्षाला दुष्काळी जमीन, कापसाच्या घसरलेल्या किमती, सरकारी साऱ्याची वाढ अशी अनेक कारणे होती आणि सर्व दोष सावकारावर टाकता येणार नाही, हेही प्राध्यापकांनी सांगितले. तरी माझे आडनाव ऐकून माहीत असलेल्या दोन-चार नजरा क्षणभर माझ्याकडे वळल्याच.

त्या वेळी मनात आले, की ज्यांच्या घरांवर लोक चालून गेले, त्यांतील अनेक जण कडक शाकाहारी आणि उपवास-तापास करणारे असतील. त्यांच्या ताटाविषयी गावाची काहीही तक्रार नव्हती. गावाने लक्षात ठेवली ती वही. याच्या उलट बाजूचा अनुभवही आपल्याकडे आहे. आमच्या गावात आजोबांच्या दुकानात चार-पाच वर्षांचे मूल हातात नाणे देऊन पाठवले जाई आणि आई निश्चिंत असे. आजोबांचे उपवास किती झाले हे गावातील कोणी सांगू शकणार नाही, पण त्यांचा काटा सर्वांना आठवतो. समाजाच्या लेखी आपला धर्म तोलला जातो तो आपल्या काट्यावरच.

आता एका नाजूक विषयाकडे येते. केंद्र सरकारने 2014 साली जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे शिष्यवृत्तींची काही दारे आपल्या विद्यार्थ्यांसाठी उघडली आणि समाजातील खरोखर गरजू घरांना त्याचा आधार झाला. खेड्यातील लहान दुकान, आजारी वडील, दोन मुलींचे शिक्षण अशी कितीतरी जैन घरे आहेत आणि त्यांना मदत मागताना संकोच वाटण्याचे काही कारण नाही. पण प्रवेशाच्या दिवसांत अर्जांच्या रांगेत उभे राहिले, की दुसरेही चित्र दिसते. मोटारीतून उतरलेल्या विद्यार्थ्याच्या हातात असे उत्पन्नाचे प्रमाणपत्र असते, ज्यावरील आकड्यात त्या मोटारीच्या इंधनाचाही खर्च निघणार नाही. हे आपल्याच समाजात घडते असे नाही. पण आपल्या समाजात ते घडू नये असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आपल्या व्रतांनी दिला आहे.

"सरकारचाच तर पैसा आहे" आणि "सगळेच करतात", ही दोन वाक्ये यावर ऐकायला मिळतात. सरकारचा पैसा अमर्याद नसतो. यादी ठरलेली असते, नावे ठरावीक संख्येनेच लागतात. जे नाव खोट्या आकड्यावर वर जाते, ते कोणाला तरी खाली ढकलते. माझ्याच वर्गातील एक मुलगी सकाळी दोन घरी शिकवण्या करून महाविद्यालयात येते, कारण तिचे नाव यादीत लागले नाही. कोणाच्या खोट्या कागदामुळे तिचे नाव मागे राहिले असे मी म्हणू शकत नाही. परंतु अशा कागदांचा भार शेवटी तिच्यासारखीलाच उचलावा लागतो, एवढे निश्चित. मग हे केवळ असत्य राहत नाही. न दिलेले घेणे, म्हणजे अदत्तादान, ते तर आहेच. आणि दुसऱ्याच्या जिवाला दिलेली पीडाही आहे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या आपल्या समाजाने या पीडेकडेही पाहिले पाहिजे.

आमच्या घरीही हा प्रश्न आला होता. मी बारावी उत्तीर्ण झाले तेव्हा परिचयातील एका गृहस्थांनी वडिलांना सुचवले, की प्रमाणपत्राची व्यवस्था होऊन जाईल, शुल्काचा मोठा भाग वाचेल. त्या वर्षी दुकानातील जुनी मांडणी बदलायचे ठरले होते आणि हात तंग होता. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग इतकेच म्हणाले, "अर्जात जे लिहायचं ते वहीत सापडलं पाहिजे." दुकानाची मांडणी पुढील दोन वर्षे तशीच राहिली. या विषयावर त्यांनी मला कधी उपदेश केला नाही. त्याची आवश्यकताही पडली नाही.

ताट आणि वही यांची फारकत आपण केली आहे, शास्त्राने ती केलेली नाही. श्रावकाचे सातवे व्रत पाहावे. उपभोग-परिभोगाची मर्यादा घालणारे हे व्रत. आपण कंदमुळे, बहुबीज फळे किंवा सचित्त पाणी यांचा त्याग करतो तो याच व्रताच्या छायेत. उपासकदशांग सूत्रात या व्रताचे दोन भाग सांगितले आहेत: एक भोजनाचा आणि दुसरा कर्माचा, म्हणजे उपजीविकेचा. भोजनाच्या भागाला पाच अतिचार आहेत. उपजीविकेच्या भागाला पंधरा आहेत, ज्यांना आपण पंधरा कर्मादाने म्हणतो: जंगलतोडीचा धंदा, विषाचा व्यापार, हस्तिदंताचा व्यापार, तलाव आटवणे इत्यादी. ज्या एका व्रतात आपले सारे ताट सामावते, त्याच व्रतात आपला धंदाही आहे. आणि मोजदाद केली तर पाचास पंधरा असे ते प्रमाण पडते. आपण मुलांना पाच शिकवून पाठवतो आणि पंधरा विसरतो. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. त्यांतील पहिला गुण आहे न्यायसंपन्न विभव, म्हणजे न्यायाने मिळवलेली संपत्ती. दशलक्षणातही क्षमा आणि मार्दव यांच्यापाठोपाठ तिसऱ्या दिवशी येते ते आर्जव, मनाचा सरळपणा.

व्यापाऱ्याच्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. सुट्टीत मी दुकानात बसते तेव्हा पाहते, की दहांतील काही ग्राहक स्वतःच म्हणतात, "बिल नको, भाव कमी करा." समोरचा दुकानदार तसे करीत असेल तर ग्राहक तिकडे जातो. ऑनलाइन विक्रीने नफ्याची मर्यादा आणखी खाली आणली आहे. अशा बाजारात सरळ उभे राहणे किती कठीण आहे, हे वसतिगृहात बसून लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने वडीलधाऱ्यांना सांगावे, हा उद्धटपणा ठरेल. पण आपल्या धर्माने गृहस्थाकडून महाव्रतांची अपेक्षा केलेली नाही. त्याला अणुव्रते दिली आहेत. लहान, पेलतील अशी, आणि चुकले तर आलोचनेची वाट मोकळी ठेवणारी. आपल्याला बारा कोटी सुवर्णाचा धनी असलेला आनंद श्रावक आदर्श म्हणून दिला आहे. चार कोटी ठेव म्हणून सुरक्षित, चार कोटी व्यवहारात, चार कोटी घरसंसारात आणि गाईंचे चार मोठे कळप, अशी त्याची मालमत्ता सूत्रात मोजून सांगितली आहे. भगवान महावीरांनी त्याला व्यापार सोडायला सांगितले नाही. मर्यादा घालायला सांगितली, आणि ती त्याने एक-एक बाब मोजून घातली.

याच आनंद श्रावकाच्या कथेचा उत्तरार्ध तरुणांनी आणि वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून ऐकण्यासारखा आहे. आयुष्याच्या अखेरीस त्याला अवधिज्ञान झाले. गणधर गौतमस्वामी भेटीस आले असता त्याने ते सांगितले. गृहस्थाला एवढे विशाल ज्ञान होणे शक्य नाही, असे वाटून गौतमस्वामींनी त्याला आलोचना करण्यास सांगितले. आनंदाने नम्रपणे विचारले, की आलोचना सत्य बोलणाऱ्याने करायची असते की असत्य बोलणाऱ्याने? गौतमस्वामी शंकित होऊन भगवंतांकडे गेले. आनंदाचे म्हणणे खरे आहे, असे भगवंतांनी सांगितले आणि जाऊन क्षमा मागण्याची आज्ञा केली. चौदा हजार साधूंमध्ये अग्रणी असलेले गौतमस्वामी परतले आणि त्यांनी एका व्यापाऱ्याची क्षमा मागितली. सत्य कोणाच्या मुखातून आले यावरून त्याचे मोल ठरत नाही, एवढे मोठेपण आपल्या परंपरेत आहे. म्हणूनच हा विषय वडीलधाऱ्यांपुढे मांडण्याचे धैर्य होते.

काही लहान सूचना आहेत, ज्यांना पैसा किंवा इमारत लागत नाही. पाठशाळेत बारा व्रते शिकवताना प्रत्येक अतिचारासोबत आजचे एक उदाहरण द्यावे. दुकानातील एक आणि महाविद्यालयातील एक. मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली, की दिवाळीतील वहीपूजनानंतर वडिलांनी तासभर बसून त्यांना आपली वही दाखवावी: काय येते, काय जाते, कर किती भरतो, कोणता व्यवहार आपण नाकारला आणि का. समाजाच्या शिष्यवृत्ती निधींनी अर्जासोबत शिफारसपत्रापेक्षा खऱ्या उत्पन्नाचा आग्रह धरावा आणि गरजू अर्जदाराचा मान राखावा. पेढ्यांनी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र द्यावे ते काम करून घेऊनच, भाच्या-पुतण्यांनाही. आणि आम्हा विद्यार्थ्यांनी पर्वाच्या दिवसांसाठी प्राध्यापकांकडे लेखी रजा मागावी. मिळाली तर उत्तम, न मिळाली तर जी गैरहजेरी लागेल ती आपली तपश्चर्या समजावी.

यंदा संवत्सरीला आपल्या भ्रमणध्वनीवर शेकडो 'मिच्छामि दुक्कडम्' येतील आणि आपणही तितकेच पाठवू. त्यांतील बहुतेक अशा लोकांना जातील, ज्यांचे आपण काही बिघडवलेले नसते. ज्याला माप कमी गेले, ज्याची संधी खोट्या कागदाने हुकली, तो आपल्या संपर्कयादीत नसतो. त्याची क्षमा संदेशाने मागता येत नाही. पुढची नोंद खरी लिहूनच मागता येते. पर्युषणाच्या या आठ दिवसांत रात्रीचे जेवण टाळताना जितके आपण घड्याळाकडे पाहतो, तितकेच एकदा आपल्या वहीकडे आणि मुलांच्या अर्जांकडेही पाहू या.

जय जिनेंद्र.